पाहुण्यांचा सेट

"मम्मी, बघ ना येऊन," राणीने हाक मारली.

कुसुमताई पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून आल्या आणि दारातच थबकल्या. जेवणाच्या टेबलावर त्यांची जुनी इरकल लांब घडी करून अंथरली होती. मधोमध पितळी तांब्यात अंगणातली बोगनवेल, वाट्यांतल्या पाण्यावर मोगरा. इथपर्यंत सगळं दृष्ट लागण्यासारखं होतं. पण प्रत्येक खुर्चीपुढे गुलाबी काठाची चिनी मातीची थाळी होती आणि शेजारी तसलाच कप.

"ही कुठनं काढलीस?"

"माळ्यावरून. बाहेरचं काहीच नै मम्मी, सगळं घरातलंच. डेकोरेशनला पैसे कायको घालवायचे?"

"ती ठेव वर. स्टीलची ताटं घे."

"पाहुण्यांना स्टील? हा आपला पाहुण्यांचा सेट नं?"

पाहुण्यांचाच होता, पण सगळ्या पाहुण्यांचा नव्हता. ज्यांचं शिवलेलं घरात चालत नसे अशी प्रतापरावांच्या ऑफिसातली माणसं आली, की त्यांच्यापुरता तो निघायचा. त्यांना वाईट वाटू नये म्हणून कुसुमताईंनी सुलतान बाजार पालथा घालून चांगला देखणा सेट आणला होता. घरच्या भांड्यांत मिसळू नये म्हणून प्रत्येक थाळीच्या, प्रत्येक कपाच्या बुडाला नखपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. लहानपणी राणीने एकदा ह्यातल्या कपात दूध घेतलं, तेव्हा तिच्या पाठीत धपाटा बसला होता. पोरीने आपला अर्थ लावला, की सेट महागाचा आहे. आईनेही तो तसाच राहू दिला.

आता खरं सांगायचं तर कोणत्या तोंडाने? आज जेवायला येणारा होणारा व्याही म्हणजे ऑफिसातला दौलतच. गेल्या महिन्यापर्यंत ह्या घरात तो नुसता दौलत होता. राणीने लग्न करीन तर त्याच्या विकीशीच म्हटल्यावर तो दौलतराव झाला. "आपण जातपात मानत नाही," असं प्रतापराव तिला म्हणाले होते, आणि बापाच्या त्या एका वाक्यावर पोरगी महिनाभर गाणी गुणगुणत होती.

बेल वाजली.

दौलत, त्याची बायको गीता आणि विकी आत आले. गीताने टेबल पाहून तोंडभर कौतुक केलं. दौलत खुर्चीत बसला, समोरचा कप उचलला आणि अंगठा हळूच बुडाशी नेला. कुसुमताईंनी ते पाहिलं. त्याने कप होता तिथे ठेवला.

"अंकल, माहितीय का," बगारा भात वाढता वाढता राणी सांगू लागली, "ह्या कपात मी एकदा दूध पिले तर मम्मीने मारलं होतं. एवढा जपायची हा सेट."

"हौ," दौलत म्हणाला. "वहिनी लई जपायच्या."

प्रतापराव हात धुऊन हसतमुखाने आले. खुर्ची ओढून बसले आणि मग त्यांची नजर थाळीवर गेली. हसू तसंच राहिलं, हात मात्र पुढे जाईना.

"राणी, मला आपलं स्टीलचं ताट दे, बेटा. असल्यात जेवायची सवय नाही मला."

गीताने खांद्यावरचा पदर नीट केला. विकी एकदा बापाकडे, एकदा होणाऱ्या सासऱ्याकडे बघत राहिला.

"सवय होते, साहेब," दौलत म्हणाला. मीठ मागावं इतक्या साध्या आवाजात. आणि तो भात कालवू लागला.

"आज एक दिवस खा ना पप्पा," म्हणत राणीने बापाच्या थाळीत वाढलंच. प्रतापरावांनी चार घास चिवडले. कुसुमताईंचा घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला. त्यांना राग आला होता तो स्वतःचा नव्हे, पोरीचा. घर भरून भांडी, आणि हिला नेमकी हीच सापडावीत.

जेवण झाल्यावर दौलत स्वतःची थाळी आणि कप घेऊन उठला. राणी "अंकल, राहू द्या" म्हणेपर्यंत तो स्वयंपाकघराला वळसा घालून मागच्या दाराशी पोचलाही होता. कुणाला वाट विचारली नाही. राणी त्याच्यामागे गेली, आणि तिच्यामागे कुसुमताई. मागच्या नळाखाली त्याने थाळी धुतली, कप धुतला, आणि दोन्ही कट्ट्यावर उपडे घातले.

"तुम्ही कायको धुतलं, अंकल?"

"ह्या घरात खाल्लं-प्यालं की धुऊन ठेवायचं असतं, बेटा. हात आपोआप गेले." रुमालाला हात पुसत तो आत गेला.

राणी कट्ट्यापाशी उभी राहिली. ओल्या कपाच्या बुडावर लाल ठिपका होता, थाळीच्याही. तिने आईकडे पाहिलं. कुसुमताई नळ घट्ट करू लागल्या. नळ बंदच होता.

राणी आत आली. तिने आपला रिकामा कप उपडा केला. मग बापाचा. मग आईचा. मोगऱ्याच्या वाटीपासून तांब्यापर्यंत इरकलीवर लाल ठिपके ओळीने मांडले गेले. प्रतापराव हात धुवायचं सोडून थाळीकडे बघत बसले होते. विकीने आपला कप स्वतःच उपडा करून तिच्यापुढे सरकवला.

"जुनं झालंय गं ते सगळं," कुसुमताई घाईघाईने म्हणाल्या. "लग्नासाठी आपण बाहेरून नवा सेट आणू."

"बाहेरून कशाला, मम्मी?" शेवटचा कप ओळीत ठेवत राणी म्हणाली. "सगळं घरातलंच आहे की."