हातात दिलेला चाकू

आत्माराम तांडेल आणि रत्नागिरीच्या कोर्टातला कारकून हरिश्चंद्र, दोघांनाही खिशातले मिटणारे चाकू जमवायचा नाद. दर रविवारी आत्मारामच्या ओट्यावर बैठक. नवा चाकू मध्ये ठेवायचा, दुसऱ्याने तो आपल्या हाताने उचलायचा. हातात चाकू दिला की भांडण होतं, म्हणून वीस वर्षांत हा नेम एकदाही मोडला नव्हता.

आज हरिश्चंद्रने मुंबईच्या आगबोटीतून आलेला, सांबरशिंगाच्या मुठीचा चाकू ओट्यावर ठेवला. आत्मारामचा हात आधी चाकूच्या अलीकडे चाचपडला, मग पलीकडे. शेवटी त्याने हात मांडीवर घेतला.

"दिसत नाही रे आता. पुढच्या रविवारपासून येऊ नको. तू काय दाखवणार आणि मी काय बघणार?"

हरिश्चंद्रने चाकू उचलला आणि सरळ आत्मारामच्या तळहातावर ठेवला.

"हातात दिलास? भांडण होईल," आत्माराम म्हणाला, पण त्याची बोटं मुठीवरून फिरू लागली होती.

"होऊ दे. रविवारचं राहू दे, आता भांडायला मी रोज येईन."