बिननावाची करवत

थोरल्याने करवत काकूंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली आणि खाली वर्तमानपत्र घालायचं राहिलं म्हणून जीभ चावली. काकू म्हणाल्या, असू दे, या टेबलाने याहून घाण पाहिली आहे.

इंजिनावर चालणारी, साखळीची करवत. थोरल्याचे वडील जाऊन महिनाही झाला नव्हता. माळा आवरताना ती पोत्यात गुंडाळलेली सापडली. थोरल्याची स्वतःची करवत आता धापा टाकायला लागली होती, आणि ही चांगली दणकट होती. फक्त चालू करायच्या दोरीची चकती तुटलेली. चकती मिळवायची तर कंपनी कळायला हवी, आणि नेमकं तेच कुठे लिहिलेलं नव्हतं. नावाची पट्टी नाही, नंबर नाही, रंगाचा साधा टवकाही नाही. दुरुस्तीवाल्याने उलटीसुलटी करून शेवटी हात टेकले. ही वापरून झिजलेली नाही, म्हणाला, कोणीतरी बसून घासली आहे. चोरीची असेल असं तो बोलला नाही, पण करवत परत देताना त्याने हात लगेच पुसले.

म्हणून थोरला काकूंकडे आला. काकूंचा नवरा आणि थोरल्याचे वडील जोडीने लाकूडतोडीची कामं घ्यायचे. दोघांच्याही करवती संध्याकाळी याच टेबलावर यायच्या आणि काकू धार लावून द्यायच्या. पुरुषांना त्या कामाचा भारी कंटाळा. मग एक दिवस काकूंचा नवरा करवतीसकट नाहीसा झाला. शहरात दुसरं घर केलंय त्याने, ही बातमी थोरल्याच्या वडिलांनीच आणली होती. तेव्हापासून दर हिवाळ्यात त्यांनी काकूंच्या दाराशी लाकडं रचून दिली, एकदाही चुकवलं नाही. आजही थोरल्याने येताना गाडीभर आणली होती. त्यातलंच एक शेगडीत जळत होतं.

"भाऊजींसारखा माणूस होणे नाही," काकू म्हणाल्या. "त्या मेल्याने मला वाऱ्यावर सोडलं, आणि त्यांनी निभावलं. शेवटी काही बोलले का रे?"

बोलणं गेलंच होतं, थोरल्याने सांगितलं. नुसतं वर बोट दाखवायचे. आईला वाटायचं, वरचं बोलावणं आलंय म्हणतात, आणि ती रडत बसायची. आता कळतंय, माळा दाखवत होते. एवढी चांगली वस्तू मुलाच्या कामी यावी म्हणून.

काकूंच्या डोळ्यांवर पडदा आला होता. त्या बोटांनीच बघायच्या. त्यांनी मूठ चाचपली, टाकीचं झाकण फिरवून पाहिलं आणि त्यांना हसू आलं. एका दुकानातून एका दिवशी दोघांनी सारख्या दोन घेतल्या होत्या, त्यातलीच ही. भाऊजींची जुनी असणार.

थोरला म्हणाला, बाबांची जुनी तर मी स्वतः मोडीत घातली.

काकूंचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. बोटं मात्र साखळीकडे गेली. एकेक दात करत ती पुढे सरकली, आणि एका दाताशी थांबली. त्याच्या बगलेला दोन बारीक रेघा होत्या.

 थोरल्याने विचारलं, कंपनी कळली का.

"ह्यांची आहे," काकू म्हणाल्या.

दोन्ही साखळ्या दिसायला सारख्या. धार लावताना अदलाबदल व्हायची, म्हणून नवऱ्याच्या साखळीवर त्या कानशीच्या टोकाने दोन रेघा ओढून ठेवायच्या. तिथून सुरुवात करायची, फिरून तिथे आलं की संपलं. ही खूण त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती, आणि कोणी विचारलीही नव्हती. थोरल्याच्या वडिलांनी नाव घासलं, नंबर घासला, रंग खरवडला. साखळी तेवढी तशीच ठेवली. धारेच्या कामाला त्यांनी जन्मात कधी हात लावला नव्हता.

काकांनी जाताना विकली असेल बाबांना, थोरला घाईने म्हणाला.

"विकत घेतलेल्या वस्तूचं नाव कोण घासतं?"

 थोरल्याने करवतीवरचा हात काढून घेतला.

"फोटो जाळला मी ह्यांचा," काकू म्हणाल्या. "याच शेगडीत. इतकी वर्षं सकाळ-संध्याकाळ शिव्या घातल्या. आणि भाऊजींना इथे बसवून चहा दिला."

 करवत उचलावी आणि निघावं, असं थोरल्याच्या मनात आलं. काकूंचा हात साखळीवरच होता.

"हे गेल्यापासून भाऊजींनी कधी तोडू दिली नाहीत, अशी झाडं आहेत का कुठे?"

नाहीत म्हणायला त्याने तोंड उघडलं. काकूंना त्याचा चेहरा दिसला नसता. पण ती झाडं त्याच्या डोळ्यांसमोर उभी राहिली होती. खाणीमागच्या घळीतली, मोठी, सरळ. दर वर्षी तो आणि भावंडं विचारायची, ही तोडायची का, आणि दर वर्षी बाबा म्हणायचे, पुढच्या वर्षी बघू. म्हाताऱ्याचा जीव झाडांत अडकलाय, म्हणून सगळे चेष्टा करायचे. तोही करायचा.

"घळीत," तो म्हणाला. "खाणीमागे."

काकूंनी मान हलवली. मग त्या साखळी करवतीच्या लांब पात्यावरून उतरवायला लागल्या. हात काम विसरले नव्हते.

"ही तुझ्या करवतीला बसेल?"

"बसेल."

त्यांनी फळीवरची कानस चाचपून काढली, खुणेचा दात बोटाखाली धरला आणि तिथून सुरुवात केली.