गरुडाची नोंद

विश्रामची पायलट गाडी लाल झेंडा लावून पुढे, आणि मागे बिनचालकाच्या ट्रेलरवर गावचं अख्खं लक्ष्मीनारायणाचं देऊळ घाट चढत होतं. समुद्र पायऱ्यांना लागला, तेव्हा घाटमाथ्यावरच्या संग्रहालयात सरकारने देवळाला जागा दिली. कोकणातल्या माणसांना मात्र, नोंद असलेल्या पायलटखेरीज, वर प्रवेश बंद होता.

निम्म्या घाटात ट्रेलर थांबला आणि त्याचा यांत्रिक आवाज विश्रामच्या गाडीत आला. "पायलट, नोंदीपेक्षा वजन जास्त आहे. जास्तीचं उतरवा."

विश्राम सभामंडपात चढला. खांबाआड त्याचे काका, कीर्तनकार सोनूबुवा, मांडीवर चिपळ्या घेऊन बसले होते.

"काका! अहो, तुम्ही इथे?"

"काल देवासमोर पूर्वरंग झाला आणि पाणी आत शिरलं. उत्तररंग राहिलाय रे. अर्ध्या कीर्तनातून उठू कसा?"

"आणि काकू?"

"घरात पाणी आलंय, माळ्यावर बसलीय. म्हणाली, देव एकटा चाललाय, तुम्ही तरी सोबत जा."

"पायलट, वजन उतरवा," ट्रेलर पुन्हा म्हणाला.

बुवांनी समोरच्या दगडी गरुडाकडे बोट केलं. "ह्याला उतरव की! ह्याला पंख तरी आहेत."

विश्रामला हसू आलं नाही. "गरुडाची नोंद आहे, काका. तुमची नाही."

गाभाऱ्याकडे पाहून बुवांनी हात जोडले, पुतण्याच्या खांद्याचा आधार घेऊन खाली उतरले आणि उताराने गावाकडे चालू लागले.

विश्राम गाडीत येऊन बसला.

"धन्यवाद, पायलट. पुढचा रस्ता मोकळा आहे का?"

आरशात काका वळणाआड गेले.

"मोकळा आहे," विश्राम म्हणाला.