हरणाऱ्याचा चहा

ख्रिस्ती धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरीच्या वार्षिक वादसभेत नास्तिक तत्त्ववेत्त्याची बाजू उजागरे सरच मांडायचे आणि दरवर्षी विद्यार्थ्यांकडून हरायचे. हरणाऱ्यानं सगळ्यांना चहा पाजायचा, असा रिवाज होता. त्यामुळे त्यांच्या पत्नी, एस्तेरबाई, सभा सुरू होण्याआधीच घरी मोठं पातेलं गॅसवर चढवायच्या. "हे हरणारच की," म्हणायच्या.

बाईंना जाऊन आता तीन महिने झाले होते. यंदाच्या सभेतही सरांनी नेहमीचाच प्रश्न टाकला. देव भला, देव समर्थ, मग जगात दुःख का?

शेवटच्या वर्षाची मर्सी पारधे उठली. जुन्या ख्रिस्ती आचार्यांचं उत्तर तिला तोंडपाठ होतं.

"सर, अंधार म्हणजे नुसता उजेडाचा अभाव. तसंच वाईट म्हणजे चांगल्याचा अभाव. जी वस्तूच नाही, ती देवानं निर्माण केली असं कसं म्हणणार?"

इथे सर दरवर्षी हसून हात जोडत आणि खाली बसत. यंदा ते उभेच राहिले.

"अभाव म्हणजे काहीच नाही, असंच ना? मग माझ्या घरी ये, बाळ. स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर तो रोज बसलेला असतो. सकाळी माझ्या हातून त्याच्यासाठी दुसरा कप काढला जातो."

मर्सीनं वहीची पानं उलटली, मग वही मिटली. प्राचार्य चष्मा पुसत राहिले.

सर एकेका चेहऱ्याकडे बघत होते.

"बोला ना कुणीतरी," ते म्हणाले. "पन्नास जणांचा चहा करून आणलाय मी."