बालवाडीचा पाया

काँक्रीटचा ट्रक मागे येत चराच्या काठाला टेकला, तेव्हा टॅमसिन चरात उकिडवी बसून माती मळत होती. मूठभर माती, बाटलीतलं थोडंसं पाणी.

"केक करतेयस का गं?" काँक्रीटवाला मिक वरून ओरडला. "मेणबत्ती आणू?"

तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. खणताना कापली गेलेली तळाची माती साबणासारखी चकाकत होती, आणि ते पाहून तिला राहवेना. मळलेली माती अंगठ्यानं दाबत ती पट्टी काढू लागली. रेताड असती तर नखाएवढ्यावर तुटली असती. ही करंगळीएवढी लांब झाली तरी तुटेना. अशी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते आणि वरच्या भिंतींना सुखानं उभं राहू देत नाही. इथल्या टुवूम्बा शहराकडे अशा मातीवरची घरं काय थोडी आहेत? त्यांची दारं सहा महिने लागत नाहीत आणि सहा महिने उघडत नाहीत.

बालवाडीच्या या पायाचा आराखडा टॅमसिननंच काढला होता. कंपनीचा मालक रसेल टॅविनर तिच्यावर बेहद्द खूश होता. सुट्टीपुरती आलेली ही विद्यार्थिनी त्याला कायमची हवी होती. अट एकच. "स्थापत्याची पदवी उरक आणि ये. ते भूशास्त्र सोडून दे. दोन पदव्या एकदम म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या." आज संध्याकाळी तिला उत्तर द्यायचं होतं. नोकरी तिला मनापासून हवी होती. सकाळी ती 'हो' म्हणायचं ठरवूनच आली होती.

ती चरातून वर आली आणि ट्रकच्या मागे जाऊन उभी राहिली.

"मिक, ओतू नकोस."

"अगं बाई, दीड तासात याचा दगड होईल!"

"होऊ दे. इथं नको."

आरडाओरडा ऐकून रसेल धावत आला. टॅमसिननं मातीचा गोळा त्याच्या हातावर ठेवला. "ही फुगणारी माती आहे. पाया अर्धा मीटर तरी आणखी खाली न्यायला हवा."

रसेलनं स्वतः पट्टी ओढून पाहिली. लांबच लांब. त्याचे कान लाल झाले.

"माती-तपासणीच्या अहवालात तर रेताड लिहिलंय!"

"तो शेजारच्या प्लॉटचा आहे. माती तीच असणार असं धरून मीच तो इथं लावला."

नोकरी गेली, हे तिला बोलतानाच कळलं. वाईटही वाटलं. पण मुलं बसणार होती त्या भिंतींखाली.

"म्हणजे चूक तुझी."

"माझी."

"आणि पकडली कोणी?"

"मीच."

रसेलनं मिकला ट्रक न्यायची खूण केली आणि हात पँटला पुसले.

"म्हणजे चुकली ती इंजिनिअर, आणि तिला पकडलं त्या मातीवालीनं," तो म्हणाला. "दोघींनाही ठेवून घेतो. पगार मात्र एकीलाच मिळेल."