टॅपेट वाजतात

सगुण मेस्तानं बुलेटच्या इंजिनाला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"वयनी, ह्या तर तापलेला आसा! टॅपेट बसवूचे तर इंजिन थंड होया." मग त्यानं मान वर केली. "कोण चालवता ही?"

गौरवी शेतातल्या मांगराच्या, त्या पडवीवजा खोपीच्या दारात उभी होती. कोण चालवणार? चालवणारा जाऊन महिना होऊन गेला. डिचोलीच्या कारखान्यात काम करता करता तिच्या नवऱ्याच्या, साईशच्या छातीत कळ आली आणि उभा माणूस आडवा झाला. सगुण स्वतः तिरडीला खांदा देऊन आला होता.

"मीच चालवतंय," ती म्हणाली. "बाबांका अजून सांगलेला नाय."

सगुण टेकलाच तिथं, पायरीवर.

बाबा म्हणजे तिचे सासरे, कृष्णनाथ. डावी बाजू लुळी, काळीज कमकुवत. धक्का सोसायचा नाही, असं डॉक्टरनं बजावलेलं. म्हणून साईशला परस्पर चुलत दिराच्या घरी नेलं, दिवसही तिथंच केले, आणि सगळ्या गावानं तोंडं शिवून घेतली. एवढं मोठं मरण घरातल्या घरात लपलं कसं? तर बापलेकांचा अबोला होता, म्हणून. बापाची जुनी बुलेट विकून स्कूटर घ्यायची, एवढंच निमित्त. पण हट्टाला दोघेही एकास एक! पोरगा बापाच्या खोलीत पाऊल टाकत नसे आणि बाप त्याला हाक मारत नसे. सकाळी गाडी गेल्याचा आवाज आणि संध्याकाळी आल्याचा, एवढाच काय तो मुलगा म्हाताऱ्याच्या वाट्याला उरला होता.

तो आवाज गौरवीनं थांबू दिला नाही. किक मारता मारता पहिल्या दिवसांत तिची नडगी सोलवटून निघाली. गियर टाकायची फारशी अक्कल नव्हती, म्हणून पहिल्यावरच गाडी कण्हत कण्हत चढ चढायची, वडाला वळसा घालायची आणि या मांगरात येऊन थांबायची. मग ती मागच्या वाटेनं घरी. संध्याकाळी हेच उलटं. सासऱ्यांच्या खोलीत जाण्याआधी ती कपाळाला कुंकू लावायची आणि बाहेर आली की पुसायची. लावताना ती आरशात बघे. पुसताना नाही.

"आता बाबांनी एकच धरलानी आसा," ती म्हणाली. "तेका सांग, टॅपेट वाजतत. तेका सांग, टॅपेट वाजतत. नाय केले तर तेंका संशय येतलो."

इंजिन निवेपर्यंत दुपार झाली. सगुणनं सिलिंडरच्या कुशीतलं झाकण काढलं, आतली टॅपेटची बारीक दांडी चिमटीत धरून फिरवून पाहिली आणि जीभ टाळ्याला लावून चुक् केलं.

"बघा. ही बोटान फिरूक होयी, पण वर-खाली हलता नये. सैल रवली तर वाजता, आवळली तर व्हॉल्व जळता." दोन पाने लावून तो अंदाज घेत राहिला, अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे. वर न बघताच म्हणाला, "वयनी, सांगून टाका एकदाचा. असा किती दिस?"

"संध्याकाळी गाडी इली काय ते पेज जेवतत, मेस्त. नाय इली तर ताट परत धाडतत."

हे खरं होतं. पण सगळं खरं नव्हतं. गाडी आवारात शिरली की क्षणभर तिलाही वाटे, आला! त्या एका क्षणासाठी ती दिवस ढकलत होती, आणि ते तिनं कुणालाही सांगितलं नसतं.

सगुणनं झाकण लावलं, किक मारली. इंजिन धडधडलं, भरदार, एकसारखं. खडखड कुठं नाहीच. गौरवीनं पदर तोंडात कोंबला. हुबेहूब तोच आवाज होता. सगुणनं हातातली चिंधी उगाचच घडी घालून ठेवली आणि पैशांचं नावही न काढता तो निघून गेला.

संध्याकाळी तिनं गाडी घरी आणली, कुंकू लावलं आणि पेजेचं भांडं घेऊन ती आत गेली. कृष्णनाथ छपराकडे बघत पडले होते.

"टॅपेट बसले," ते म्हणाले.

"होय बाबा. तेनी सगुण मेस्ताकडे नेल्यानी."

"बरा केलंस. आता तेच्यासारखी वाजता."

गौरवीचा हात भांड्यावरच राहिला. तेच्यासारखी?

म्हातारा तिच्याकडे बघत नव्हता. त्याच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी ओघळून कानांत चाललं होतं आणि ते पुसायचं त्याच्या गावीही नव्हतं.

"वडाकडे पोचलंस काय दुसरो गियर घाल गे, बाय," तो हळूच म्हणाला. "तो थयच घाली. पयल्यार कधी वोढली नाय तेनी."

"बाबा..." ती खाटेच्या कडेला बसली. कपाळावरचं कुंकू तिला निखाऱ्यासारखं जाणवलं.

त्या जुन्या बुलेटचा गियर उजव्या पायाशी. म्हाताऱ्याचा उजवा पाय शाबूत होता. पांघरुणाखाली तो एकदा हलला. अंगठ्यानं काहीतरी खाली दाबलं.

"असा," तो म्हणाला. "फाल्यां सकाळी करून बघ. मी आयकतंय."