कोरडे डोळे

"नाही म्हणजे नाही," आल्विना मावशीने चहाचा कप ओस्वाल्डपुढे आदळला. "उद्या मी प्रभुभोजनाला पुढे येणार नाही. मला आत काही वाटत नाही."

ओस्वाल्डने कपाळावर हात मारून घेतला. कझाकस्तानातल्या आमच्या छोट्या जर्मन लुथरन मंडळीचा तो वडील, म्हणजे पाळक नसताना उपासना चालवणारा. प्रभुभोजनाच्या, म्हणजे प्रभूच्या नावाने भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, आदल्या दिवशी वडिलाने घरोघर जाऊन उद्या कोण कोण येणार ते विचारायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. पाळक कारागांडा शहरातून वर्षातून दोनदाच येतात, आणि प्रभुभोजन तेव्हाच होतं. बर्फ पडायला लागला की तिकडचा रस्ता बंद, मग थेट वसंतात. आणि मावशीचे पाय सुजले होते, चार शब्द बोलली की तिला धाप लागत होती. ती वसंत बघेल असं डॉक्टरीणबाईंनाही वाटत नव्हतं.

आजवर ती गुडघ्यांचं निमित्त सांगायची. आज मात्र हे नवीनच निघालं, आणि ओस्वाल्डच्या डोक्यात एकच नाव आलं.

"तुला त्या एर्विनने बिघडवलं!"

एर्विन म्हणजे उन्हाळ्यात जर्मनीहून आलेला पाहुणा उपदेशक. हातात गिटार आणि तोंडात एकच पालुपद: ज्याचं हृदय फुटून डोळ्यांतून वाहिलं नाही, त्याचा विश्वास खोटा. अर्धी मंडळी हुंदके देत घरी गेली होती. ओस्वाल्डने दुसऱ्या दिवशी त्याला स्वतःच्या हाताने बसमध्ये बसवलं. शास्त्रात नसलेलं कुणी शास्त्र म्हणून सांगितलं की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"शास्त्र काय म्हणतं, मावशी? 'घ्या, खा, हे माझे शरीर आहे, हे तुमच्यासाठी दिले आहे.' 'आधी रडा, मग घ्या' असं म्हणतं का?"

"नाही म्हणत."

"तुमच्यासाठी म्हणजे कुणासाठी?"

"ज्यांना आत काही होतं त्यांच्यासाठी."

"हे कुठून आणलंस? हे तू पदरचं घातलंस!"

"ओरडू नकोस. केक खा."

ओस्वाल्डने रागारागाने केक खाल्ला. घास गिळून तो पुन्हा सरसावला. "तुझा बाप्तिस्मा झाला तेव्हा तू तान्ही होतीस. तेव्हा तुला आत काय वाटलं होतं?"

"थंडी वाजली असेल."

"बघ! तरी देवाने तुला आपली म्हटलंच ना?"

"ते माझ्या आईने नेलं म्हणून. आता मला माझ्या पायांनी जायचंय." मावशी खिडकीकडे बघत म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला. "मरायच्या आधी एकदा घ्यावं असं मला वाटत नाही का रे? रोज वाटतं. पण भाकर जिभेवर ठेवली की मला भाकरच लागते. डोळे कोरडे ठणठणीत. अशा बाईने तिथे जायचं म्हणजे देवाच्या तोंडावर खोटं बोलायचं. भीती वाटते मला."

ओस्वाल्डला गलबलून आलं, आणि त्यामुळे तो आणखीच चिडला. "त्या गिटारवाल्याचं तासाभराचं भाषण तुला पटलं. आणि मी इतकी वर्षं दर रविवारी घसा फोडून वाचतोय, ते सगळं पाण्यात?"

"त्या पोराला कशाला बोल लावतोस? मी तर कानातलं यंत्र काढून बसले होते. मी पुढे येणं त्याच्या कितीतरी आधी सोडलंय."

"मग कुणाचं ऐकून सोडलंस?"

"कुणाचं ऐकून नाही. तुला बघून."

"मला?"

"तू प्याला घेऊन मेणबत्त्यांपाशी उभा राहतोस. दर वेळी तुझ्या गालावरून पाणी वाहतं. घळाघळा. मी मनाशी म्हटलं, आल्विना, विश्वास असा असतो. तुझ्यापाशी तो नाही."

ओस्वाल्डचा हात डाव्या डोळ्याकडे गेला. खाणीतल्या स्फोटात त्याचा डावा डोळा वाचला, म्हणून सगळ्या गावाने देवाचे आभार मानले होते. तेव्हापासून जवळच्या ज्योतीने तो डोळा गळतो, हे काय गावभर सांगत फिरायचं असतं?

"मावशी," तो कसाबसा म्हणाला, "ते खाणीतलं दुखणं आहे. उजेडाने पाणी येतं."

"आणि आत? आत तुला काय वाटतं?"

"आत काय वाटायचं? प्याला कलंडू नये, एवढंच वाटतं!"

"मग घेतोस कशाला?"

"त्याने 'घ्या' म्हटलंय म्हणून!" ओस्वाल्ड इतक्या जोरात ओरडला की चुलीजवळचं मांजर पळालं.

मावशीने त्याच्यापुढचा कप उचलला. "हे आधी सांगायला काय झालं होतं, मेल्या?" ती म्हणाली. "जा आता. मला उद्यासाठी डोक्याचा रुमाल इस्त्री करायचाय."

रविवारी पाळकांनी मेणबत्त्या पेटवल्या. ओस्वाल्डने प्याला उचलला आणि डोळा गळायला लागला. त्याने प्याला पुन्हा मेजावर ठेवला. उपासना अशी मध्येच थांबलेली आमच्यापैकी कुणी कधी पाहिली नव्हती.

"हे पाणी भक्तीचं नाही," तो मंडळीला म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "डोळ्याचं दुखणं आहे. मला इथे उभं राहून आत काहीसुद्धा होत नाही. प्रभूने 'तुमच्यासाठी' म्हटलंय, म्हणून घेतो. बास."

आल्विना मावशी काठी टेकत उठली. तिला हात द्यायला ओस्वाल्ड पुढे झाला आणि दोन पावलांवरच थबकला. काल दारात ज्यांनी ज्यांनी त्याला सर्दी, कंबरदुखी आणि व्यायला आलेल्या गाईची कारणं सांगितली होती, तो मागच्या भिंतीलगतचा अख्खा बाक तिच्यामागे उठून उभा राहिला होता.